निरोगी मेंदूच्या स्कॅनमधून पुढचा विसर दिसतो का?

प्रश्न : मी ६५ वर्षांची असून मालवण तालुक्यात राहते. टपाल खात्यातून निवृत्त झाले आहे. माझ्या आईला वयाच्या ७८व्या वर्षापासून विसर पडू लागला आणि शेवटी शेवटी ती स्वतःच्याच घरासमोरच्या खळ्यात उभी राहून ‘माका घराक जावचा आसा’ असे दिवसभर म्हणत असे. आता मला माझीच भीती वाटू लागली आहे. मागच्या महिन्यात कणकवलीला एका लग्नात, कित्येक वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर काम केलेल्या बाईंचे नाव मला आठवेना. ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. मुलगा डोंबिवलीला असतो. त्याने मुंबईतील एका केंद्रात मेंदूचा एमआरआय आणि पेट स्कॅन अशा एकत्रित तपासणीसाठी माझ्या नावाने आगाऊ पैसे भरले आहेत. ‘आत्ताच कळले तर पुढची तयारी करता येईल,’ असे तो म्हणतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू आहे, बाकी तब्येत ठीक आहे. टीव्हीचा आवाज मोठा ठेवते म्हणून नातू ओरडतो आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काजूचा हंगाम संपल्यावर काढायचा आहे. गावातल्या बचत गटाचा हिशेब मीच लिहिते. मी हा स्कॅन करून घ्यावा का?

उत्तर : ताई, उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. तुमच्या पत्रातील माहिती पाहता हा स्कॅन तुम्ही आत्ता करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नुसते ‘करू नका’ म्हटल्याने तुमची धास्ती जाणार नाही आणि मुलाचेही समाधान होणार नाही, म्हणून या तपासणीत नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

लग्नातल्या प्रसंगाबद्दल प्रथम. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी ओठांवर येऊन अडणे आणि काही तासांनी आपोआप आठवणे, हे बहुतेक वेळा वयाबरोबर मंदावलेल्या आठवणीचे लक्षण असते. माहिती शाबूत असते, ती बाहेर यायला वेळ लागतो. स्मृतिभ्रंशात घडते ते वेगळे. आपण लग्नाला गेलो होतो हेच दोन दिवसांनी आठवत नाही, किंवा एकच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारला जातो आणि आधी विचारल्याचे भानही नसते. निदान करताना डॉक्टर मुख्यतः पाहतात तो रोजच्या व्यवहारात पडलेला फरक. बचत गटाच्या वहीत प्रत्येक सभासदाचा हप्ता लिहिणे, कर्जाची परतफेड आणि व्याज वेगळे काढणे, महिनाअखेरीस वहीतली शिल्लक पासबुकाशी ताडून पाहणे, हे काम ज्या बाईच्या हातून आजही नीट होते, तिच्या मेंदूच्या कार्यक्षमतेचा तो फार मोठा पुरावा आहे, आणि त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. हेच काम मागच्या वर्षीपेक्षा या वर्षी जड जाऊ लागले, खाडाखोड वाढली, चूक दुसऱ्याने दाखवल्यावरही ध्यानात येईनाशी झाली, तर मात्र माझे उत्तर बदलेल.

आईच्या आजाराचे म्हणाल, तर एकाच जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असतो हे खरे. परंतु तो बहुधा साठीच्या पुष्कळ आधी सुरू होतो आणि एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. ७८व्या वर्षी सुरू झालेला विसर त्या प्रकारात बसत नाही. उतारवयातील आजारातही आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि आईला तो झाला असल्यामुळे तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त धरावा लागेल, पण त्यावरून तुमचे पुढे काय होणार ते ठरत नाही. शिवाय आईचा आजार अल्झायमरच होता, की रक्तदाबामुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन झालेला, याचे निदान कोणी केले होते का, हे तुमच्या पत्रावरून समजत नाही. त्या पिढीत ‘म्हातारपण आहे’ एवढ्यावरच बहुतेक घरांत भागवले जाई.

आता यंत्रांकडे येऊ. एमआरआय आणि पेट ही दोन अगदी वेगळी साधने असून जाहिरातीत ती एका दमात सांगितली जातात. एमआरआयमध्ये चुंबकाच्या साहाय्याने मेंदूची रचना दिसते. आठवणी साठवण्याशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग अल्झायमरमध्ये लवकर आकसतो, हे बरोबर आहे. परंतु तो निरोगी म्हाताऱ्या माणसातही थोडाफार आकसतो, आणि एका वेळच्या चित्रावरून या दोहोंतला फरक सांगणे लक्षणे नसलेल्या माणसाच्या बाबतीत भरवशाचे नसते. साठी ओलांडलेल्या माणसाच्या अहवालात ‘एज रिलेटेड ॲट्रोफी’ (वयामुळे मेंदू थोडा आकसणे) आणि ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ (बारीक रक्तवाहिन्यांतला रक्तपुरवठा कमी झाल्याच्या खुणा) अशा ओळी इतक्या सर्रास आढळतात की मेंदूविकारतज्ज्ञ त्या वाचून पुढे जातात. तोच कागद घरी आला की मात्र ‘मेंदू सुकत चाललाय’ असे शेजारीपाजारी होऊन जाते.

एमआरआयमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी जाहिरातीत सहसा काही नसते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे कोणतीही तक्रार नसलेल्या सामान्य नागरिकांचे मेंदूचे एमआरआय काढण्यात आले. २००० लोकांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत, त्यांना कधी कळलेही नव्हते असे, लहानमोठे रक्तपुरवठा बंद पडल्याचे डाग सापडले, १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीला आलेला फुगवटा आणि १.६ टक्के लोकांत कर्करोग नसलेली गाठ आढळली. यांतील बहुतेक गोष्टी माणसाबरोबर निमूट जगतात आणि त्याच्याबरोबरच जातात. पण एकदा त्या कागदावर आल्या की स्वस्थ बसणे कठीण होते. मग दुसरे मत घ्यायला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात, तिसरे घ्यायला कोल्हापूरला, दर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आणि फुगवट्यावर शस्त्रक्रिया करावी की राहू द्यावा, या प्रश्नावर घरात दोन तट. विसराची भीती घालवायला गेलेल्या माणसाला अशा वेळी भलत्याच गोष्टीची भीती घेऊन परत यावे लागते. ज्याला लक्षणे आहेत त्याने ही जोखीम घ्यावी, कारण त्याला उत्तराची गरज आहे. तुम्हाला ती आज नाही.

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी असलेले द्रव्य शिरेतून टोचतात आणि ते मेंदूत कुठे साचते ते पाहतात. मुलाने ज्या तपासणीचे पैसे भरले ती नेमकी कोणती, हे त्याला विचारावे लागेल, कारण यात निदान दोन प्रकार आहेत. एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो ते दिसते. तुम्हाला मधुमेह असल्यामुळे एक सावधगिरीची सूचना : त्या दिवशी रक्तातील साखर वाढलेली असेल तर हे चित्र अल्झायमरसारखे फसवे दिसू शकते. दुसरा प्रकार अमायलॉइड पेटचा. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गुठळ्यांचे वर्णन केले होते. त्या ज्या प्रथिनाच्या बनतात ते अमायलॉइड. जिवंत माणसाच्या मेंदूत ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा गाजलेला शोधनिबंध २००४ मध्ये आला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या व्यापारी द्रव्याला २०१२ मध्ये मान्यता दिली, तीसुद्धा आठवणीच्या तक्रारींची तपासणी चालू असलेल्या रुग्णांसाठी.

प्रत्यक्षात ही तपासणी अवघड नसते. इंजेक्शन दिल्यावर, द्रव्य कोणते आहे त्यानुसार, साधारण अर्धा ते दीड तास बसवून ठेवतात आणि नंतर १० ते २० मिनिटे डोके न हलवता आडवे पडायचे असते. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा येतो. या द्रव्यातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होत जाते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. मालवण किंवा कुडाळला हे यंत्र नसण्याचे एक कारण हेही आहे; द्रव्य जिथे तयार होते त्या शहराच्या टप्प्यातच ही केंद्रे चालतात.

अवघड असतो तो अहवालाचा अर्थ. लक्षणे सुरू होण्याच्या १५ ते २० वर्षे आधीपासून अमायलॉइड साचू लागते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे, आणि जाहिरातदारांचा सगळा भर याच वाक्यावर असतो. त्याचे दुसरे अंग असे, की अमायलॉइड साचलेल्या पुष्कळ माणसांना स्मृतिभ्रंश होतच नाही. अनेक देशांतील माहिती एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, बुद्धी शाबूत असलेल्या लोकांपैकी वयाच्या पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असते असे दिसले. नव्वदीतले ते म्हातारे स्वतःचे व्यवहार स्वतः पाहत होते, हे विसरू नये. तुमच्याच वयाचा एक आकडाही उपलब्ध आहे. अमेरिकेतील मृत्युदर धरून २०१८ मध्ये केलेल्या एका गणितानुसार, फक्त अमायलॉइड साचलेल्या आणि बाकी लक्षणे नसलेल्या ६५ वर्षांच्या स्त्रीला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता सुमारे २९ टक्के आहे. म्हणजे अशा १०० स्त्रियांपैकी सुमारे ७१ जणींनी ती चिंता आयुष्यभर विनाकारण वाहिली असती. कलमाला मोहोर आला म्हणजे पेट्या भरल्या, असा हिशेब तुमच्याकडचा कोणताही बागायतदार मांडत नाही; अमायलॉइडच्या अहवालाकडेही त्याच सावध नजरेने पाहावे.

अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी कायमची सुटका होते असे नाही. रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा किंवा ल्यूई बॉडी नावाच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश अमायलॉइड नसतानाही होऊ शकतो, आणि आज स्वच्छ असलेल्या मेंदूत दहा वर्षांनी अमायलॉइड साचणार नाही, याची हमी कोणी देत नाही.

‘कळले तर काहीतरी करता येईल,’ हा तुमच्या मुलाचा मुद्दा मनापासून आलेला आहे, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. औषधांच्या बाबतीत आजची स्थिती अशी आहे : लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढून टाकणारी औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्णपणे मंजूर झाली, पण ज्यांना विसराची सौम्य लक्षणे सुरू झाली आहेत अशांसाठी. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ती थांबली नाही आणि गेलेली आठवण परत आली नाही. या औषधांनी मेंदूला सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून उपचार चालू असताना वारंवार एमआरआय काढावा लागतो. तुमच्यासारख्या निरोगी माणसांच्या बाबतीत काय झाले? ६५ ते ८५ वर्षांच्या, लक्षणे नसलेल्या पण अमायलॉइड असलेल्या लोकांना सोलानेझुमॅब हे औषध सुमारे साडेचार वर्षे देऊन पाहण्यात आले. २०२३ मध्ये निकाल लागला, तेव्हा औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फायद्याचा काही फरक नव्हता. नव्या औषधांच्या तशाच चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत, आणि त्या यशस्वी ठरल्या तर मीच पुढे अशा एखाद्या वाचकाला वेगळे उत्तर देईन. तोपर्यंत, लक्षणे नसलेल्या माणसाने किंवा केवळ घरात कोणाला आजार होता म्हणून कोणी अमायलॉइड पेट करणे अनुचित आहे, असे अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशन आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या तज्ज्ञांची संस्था यांनी २०१३ मध्ये मिळून सांगितले होते, ते मला ग्राह्य वाटते.

राहिली घरातली तयारी. जमिनीची कागदपत्रे, सातबाऱ्यावरची नावे, मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन ही कामे ६५व्या वर्षी कोणीही करावीत. त्यांना स्कॅनची परवानगी लागत नाही. यात एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मुलाला मुखत्यारपत्र दिले की पुढचे निभावेल असे घरोघरी समजतात, परंतु भारतीय करार कायद्यानुसार, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते अधिकार संपुष्टात येतात, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा तो कागद उपयोगी पडत नाही. त्यामुळे हे विषय वकिलासमोर आत्ताच मोकळेपणाने बोललेले बरे. उलट स्कॅनचा अहवाल हातात आला की नवा आरोग्य विमा काढताना अर्जात विचारलेली माहिती लपवता येणार नाही, हेही मुलाच्या कानावर घालावे.

स्कॅन कधीच करू नये असे मात्र मी म्हणत नाही. काही महिन्यांपासून फरक पडत चालला आहे असे तुम्हाला नव्हे, तर बरोबर राहणाऱ्यांना जाणवू लागले, ओळखीच्या पाणंदीवर वाट चुकली, पैशांचे व्यवहार चुकू लागले, तर आधी जवळच्या फिजिशियनकडे जावे. रक्त तपासावे, आठवणीची प्रश्नोत्तरांची चाचणी घ्यावी, आणि मग एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा. पेटची पाळी त्यानंतर, आणि तीही मेंदूविकारतज्ज्ञाला निदानात शंका उरली तरच. याउलट बदल काही दिवसांत किंवा तासांत झाला असेल तर वाट पाहू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून पडून डोक्याला मार लागतो, त्या वेळी काही वाटत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस बरळू लागतो, झोपाळू होतो किंवा चालताना झोकांड्या खातो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळल्याचे हे लक्षण असू शकते. साधा सीटी स्कॅन ते दाखवतो, आणि वेळेत उपचार झाल्यास माणूस बहुधा बरा होतो.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राचा गाभा तिथेच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित आणि बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा साऱ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा नव्हे. पण त्या यादीत ऐकू कमी येणे आहे, उपचार न केलेली कमी दृष्टी आहे आणि मधुमेहही आहे. तुमच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा ठेवावा लागतो, म्हणजे कानांची तपासणी झालीच पाहिजे. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असे मी छातीठोकपणे सांगणार नाही; अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या चाचणीत एकूण सहभागींमध्ये फरक दिसला नाही, पण मुळातच जास्त धोका असलेल्या गटात तीन वर्षांत बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. शिवाय लग्नातल्या गोंगाटात नाव नीट ऐकूच आले नाही तर ते आठवण्याचा प्रश्नच कुठे येतो?

मोतीबिंदू काजूसाठी थांबवू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्याने विसराळूपणा येतो, म्हणून बी-१२, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर एकदा पाहून घ्या. ही रक्ततपासणी कुडाळ-कणकवलीला सहज होते. रक्तदाब मोजून घ्या. झोपेसाठी किंवा सर्दीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणत असाल तर त्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची बुद्धी मंदावते. चालणे, भजन, बचत गट यांविषयी वेगळे सांगण्याची तुम्हाला गरज दिसत नाही.

मुलाशी बोलताना ‘मला स्कॅन नको’ असे तोडून सांगू नका. आजीचे शेवटचे दिवस त्यानेही पाहिले आहेत, आणि दूर राहणाऱ्या मुलाला पैसे भरण्यावाचून दुसरे काय करता येते, हा प्रश्न त्याला छळत असणार. त्याला हे उत्तर वाचायला द्या आणि कानांच्या तपासणीला व डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तू रजा काढून ये, असे सांगा. केंद्राला फोनही त्यालाच करू द्या. पेटचे द्रव्य त्या त्या दिवसापुरतेच मागवावे लागते, त्यामुळे तारीख अगदी तोंडावर आल्यावर रद्द केल्यास रक्कम कापली जाण्याची शक्यता असते. हा फोन याच आठवड्यात झालेला बरा, आणि पैसे परत मिळण्याची अट त्याने लेखी मागून घ्यावी.